हजेरीपट आणि वकीलपत्र



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या सभागृहात एकत्र जमतो त्या माझ्या गुरूंचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहेच. परंतु त्यांच्या कचेरीत उमेदवारी केलेल्या आम्हां कनिष्ठांच्या, आणि त्याहून अधिक त्यांच्याकडे येणाऱ्या पक्षकारांच्या, तोंडी ते नाव कधी आले नाही. तेथे ते नुसते ‘वकीलसाहेब’ होते, आणि आजही मी त्यांचा उल्लेख त्याच नावाने करीन. परळच्या एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत ती कचेरी होती. बाहेरच्या गॅलरीत एक लांब बाक, आत एक जुने टेबल, भिंतीला लावलेली लोखंडी कपाटे, आणि कपाटांत मावेनाशी झालेली म्हणून त्यांच्यावर रचलेली, लाल फडक्यांत बांधलेली दफ्तरे. दुपारी पहिली पाळी सुटली, की बाकावर माणसे येऊन बसू लागत, आणि रात्री दहापर्यंत तो बाक रिकामा होत नसे. इतर वकिलांकडे पक्षकार आला म्हणजे प्रथम आपली हकीगत सांगतो. आमच्या वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न मात्र नेहमी एकच असे : ‘पिशवी आणली आहे का?’

ही पिशवी बहुधा कापडाच्या दुकानातून मिळालेली असे. तीत घडीवर फाटायला आलेल्या पगारचिठ्ठ्या असत, राज्य विमा योजनेचे कार्ड असे, भविष्यनिर्वाह निधीची पावती, मुदत संपलेला गेटपास, कधी दहा वर्षांपूर्वीच्या सत्यनारायणाच्या पूजेला खात्यातल्या सगळ्यांनी मिळून काढलेले छायाचित्र, ज्यात तिसऱ्या रांगेत आपण उभे आहोत असे तो कामगार बोट ठेवून दाखवी. वकीलसाहेब ती पिशवी टेबलावर ओतीत, एकेक कागद सरळ करून तारखेप्रमाणे लावीत, आणि हे सर्व होईपर्यंत समोरच्या माणसाला बोलू देत नसत. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी मला ही रीत कठोर वाटे. नोकरी गेलेल्या माणसाला आधी मन मोकळे करू द्यावे, असे मला वाटे. पुढे जे समजले तेच आज आपल्यापुढे ठेवण्यासाठी मी उभा आहे.

खरेदीखत असो, गहाणखत असो, भाडेपट्टा असो, त्याची एक प्रत देणाराजवळ व एक घेणाराजवळ राहते, निदान ती सरकारी दफ्तरी नोंदलेली असते. परंतु नोकरी हा असा एक करार आहे, की जो वीस-वीस वर्षे दररोज दोन्ही पक्ष पाळीत असतात आणि ज्याची बहुतेक सर्व लेखी साक्ष मात्र एकाच पक्षाच्या कपाटात कुलूपबंद असते. हजेरीपट मालकाचा, पगारपत्रक मालकाचे, रजेचे पुस्तक मालकाचे, आरोपपत्राची मूळ प्रत आणि चौकशीचे कामकाज मालकाचे. कामगाराजवळ आठवण असते आणि पिशवी असते. कामगारांच्या वतीने उभे राहणाऱ्या वकिलाचा धंदा म्हणजे मुख्यत्वे भाषणाचा धंदा आहे अशी जी समजूत लोकांत, आणि दुर्दैवाने विधी महाविद्यालयांतही, रूढ आहे ती मला बरोबर वाटत नाही. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचा कागद उभा करणे, हे या धंद्याचे खरे काम होय, आणि ते सावकाशीचे, कष्टाचे व बरेचसे कारकुनी स्वरूपाचे काम आहे.

कायद्याने या क्षेत्रात वकिलाचे स्वागत फारशा आनंदाने केलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९४७ सालच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या छत्तिसाव्या कलमाने समेटाच्या कामकाजात वकिलाला संपूर्ण मज्जाव केला, आणि न्यायाधिकरणापुढे उभे राहावयाचे तर दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी अशा दोन्ही गोष्टी आवश्यक ठरविल्या. कायदा करणारांची भीती उघड होती : वकील आला की तांत्रिक हरकती येणार, तारखा पडणार, आणि ज्याची थैली मोठी त्याचा वकील मोठा होणार. १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की एखादा वकील जर खरोखरच युनियनचा किंवा मालकसंघाचा पदाधिकारी असेल तर तो त्या नात्याने उभा राहू शकतो, मग संमतीची गरज नाही. त्या भीतीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मी या धंद्यात जे काही शिकलो त्यातले निम्मे तरी अशा माणसांकडून शिकलो, की ज्यांच्या अंगावर कधी काळा कोट चढला नाही. गिरणीच्या साचेखात्यात पंधरा वर्षे काढून मग युनियनच्या कचेरीत बसलेले, इंग्रजी अडखळत वाचणारे, पण स्थायी आदेशांचे, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांचे, कलम न् कलम तोंडपाठ असणारे ते प्रतिनिधी उलटतपासणीत चांगल्या चांगल्या बॅरिस्टरांना अडचणीत आणीत, कारण खात्यात काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक असे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. ‘साहेब, मला काढलं’ असे म्हणत जो माणूस येतो त्याला बहुतेक वेळा कोणतेही पत्र मिळालेले नसते. सकाळी तो नेहमीप्रमाणे पाळीवर गेला, दरवानाने कार्ड ठेवून घेतले आणि सांगितले, की तुला आत घ्यायचा हुकूम नाही. चार-आठ दिवस तो फाटकापाशी उभा राहतो, मुकादमाला गाठतो, ‘उद्या बघू’ हे उत्तर ऐकतो, आणि महिना लोटल्यावर वकिलाकडे येतो. इकडे मालकाच्या दफ्तरी त्याच महिन्यात अशी नोंद तयार झालेली असते, की अमुक क्रमांकाचा कामगार अमुक तारखेपासून विनापरवाना गैरहजर असून त्याने आपणहून नोकरी सोडली आहे. म्हणून वकीलसाहेबांचा नियम होता, की असा माणूस ज्या संध्याकाळी आला त्याच संध्याकाळी, कोणताही कायद्याचा मुद्दा न काढता, चार ओळींचे पत्र रजिस्टर पोस्टाने गेले पाहिजे : मी अमुक दिवसापासून रोज कामावर येत आहे, मला फाटकावर अडविले जात आहे, मी आजही काम करण्यास तयार आहे, मला कामावर रुजू करून घ्यावे. हे पत्र स्वीकारण्यास नकार देऊन मालकाने ते परत पाठविले तर वकीलसाहेब अधिक समाधानी होत आणि तो न फोडलेला लिफाफा तसाच दफ्तरात बांधून ठेवीत. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे याच प्रकारचा मामला आला. स्थायी आदेशात असे लिहिलेले होते, की रजेवाचून आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहणाऱ्याचा नोकरीवरील हक्क आपोआप संपेल. कामगार म्हणत होता, की मी रोज येत होतो, मला फाटकातून आत सोडले नाही आणि हजेरीवर सही करू दिली नाही. न्यायालयाने ठरविले, की माणसाची उपजीविका अशी आपोआप संपू शकत नाही, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन चौकशी केलीच पाहिजे. आणि त्याला निम्म्या मागील वेतनासह नोकरीत परत घ्यावयास लावले. डी. के. यादव या नावाने हा निर्णय आज प्रत्येक कामगार न्यायालयात सांगितला जातो. तो वाचताना मला मात्र त्या फाटकावरच्या आठ दिवसांची आठवण होते, आणि त्या आठ दिवसांत एक पोस्टकार्ड लिहिण्याची बुद्धी ज्याला झाली नाही किंवा ज्याला ते लिहिता आले नाही, अशा असंख्य माणसांचीही होते.

दुसरा प्रश्न दिवसांचा. दोनशे चाळीस हा आकडा आमच्या धंद्यात जितक्या वेळा उच्चारला जातो तितक्या वेळा दुसरा कोणताही आकडा उच्चारला जात नसेल. मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर वर्षाची अखंड सेवा झाली असे कायदा मानतो. मग कपात करावयाची तर महिन्याची नोटीस, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई, हे सर्व आधी द्यावे लागते. आणि आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे बदली किंवा हंगामी कामगाराला या दिवसांवर कायमपणाचा हक्क पोहोचतो. म्हणूनच दोनशे दहाव्या, दोनशे विसाव्या दिवशी ‘ब्रेक’ देण्याची प्रथा पडली. आठ-पंधरा दिवस घरी बसवावयाचे आणि पुन्हा नव्याने घेतल्याचे दाखवावयाचे. हे करण्यामागे कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याचा हेतू असेल तर १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती अनुचित कामगार प्रथा ठरविली आहे. पण हेतू सिद्ध करावयाचा तो पुन्हा कागदानेच.

या २४० दिवसांत रविवार धरावयाचे की नाही? प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु त्यावर शेकडो संसार अवलंबून राहिले आहेत. एका परदेशी बँकेत हंगामी कारकून म्हणून लागलेल्या माणसाचे प्रत्यक्ष काम २२० दिवस भरत होते. पगारी रविवार व सुट्ट्या मिळविल्या तर २७५. १९८५ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निर्णय दिला, की ज्या दिवसांचे वेतन मालकाने दिले ते दिवस सेवेतलेच आहेत, मग त्या दिवशी माणूस घरी विसावा घेत असो. हा निर्णय मी जेव्हा जेव्हा कोर्टात वाचून दाखविला तेव्हा तेव्हा मला रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. महात्मा फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले, १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करून तो सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे पाठविला. त्या अर्जात मागितले होते काय? आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. वकील म्हणून मी जेव्हा हा अर्ज पाहतो तेव्हा मला त्यात पुढच्या सत्तर वर्षांतल्या कायद्यांची अनुक्रमणिका दिसते : १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, १९३६ चा वेतन देण्याविषयीचा कायदा, १९४८ चे कारखाना व राज्य विमा कायदे. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्या साडेपाच हजारांत स्वतःचे नाव लिहिता येणारे किती होते हे कोणी मोजले नाही. पण आपले गाऱ्हाणे कागदावर आले पाहिजे आणि त्या कागदाखाली आपली खूण असली पाहिजे, हे त्यांना समजले होते. माझ्या मते या देशातील कामगारवकिलीचा आरंभ तेथे, वकिलावाचून, झाला.

रोजंदारीच्या माणसाचा रविवार मात्र अजूनही भांडणाचा राहिला आहे, कारण त्याला त्या दिवसाचे वेगळे पैसे मिळत नाहीत असे मालक म्हणतो. किमान वेतनाचा मासिक दर सव्वीसने भागून रोजचा दर काढतात, तेव्हा विसाव्याच्या दिवसाचे वेतन त्या रोजीतच मिसळलेले आहे, असा युक्तिवाद आम्ही करीत आलो. तो कधी मान्य झाला, कधी झाला नाही.

हे दिवस सिद्ध कोणी करावयाचे? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तो भार कामगारावर आहे, आणि ‘मी इतके दिवस काम केले’ असे नुसते शपथपत्र पुरेसे नाही. तीन वर्षांनी त्याच न्यायालयाने, रोजंदारीच्या माणसाला नेमणूकपत्र किंवा पावती मिळतच नसते हे लक्षात घेऊन, असे म्हटले, की त्याने साक्षीला उभे राहावे, हजेरीपट हजर करण्याची मागणी करावी, आणि तो आला नाही तर त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीप्रमाणे मालकाविरुद्ध अनुमान काढता येईल. या दोन निर्णयांमधल्या अरुंद वाटेवरून आम्हांला चालावयाचे असते. ती वाट कशी चालतात याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याची परवानगी घेतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या खोक्यांत भरण्याचे काम करणाऱ्या एक बाई वकीलसाहेबांकडे आल्या. दोन-अडीच वर्षे काम, मध्ये तीन ब्रेक, आणि एके दिवशी फाटक बंद. कंपनीची कैफियत आली, तीत लिहिले होते, की मजकूर बाई आमच्याकडे कधीही नोकरीस नव्हत्या. हजेरीपटात त्यांचे नावच नाही. बाईंची पिशवी ओतली तर तीत काही नव्हते. विम्याचे कार्ड नाही, पगारचिठ्ठी नाही, कारण पगार हातात मिळत असे आणि अंगठा कोठल्यातरी लांब कागदावर घेत. वकीलसाहेब बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले, ‘बाई, तुम्हांला कधी दंड झाला होता का?’

‘झाला होता की, साहेब. खोक्यात बाटली फुटली की कापायचे. खोक्यात आमच्या नंबरची चिठ्ठी असायची ना.’

‘कापले म्हणजे काही लिहून देत होते?’

‘द्यायचे, एवढीशी चिठ्ठी. शिक्का मारलेली.’

‘त्या टाकून दिल्यात?’

बाई थोड्या संकोचल्या. ‘नाही. मागची बाजू कोरी असते. आमचा मुलगा त्यावर गणितं करायचा.’

दुसऱ्या दिवशी त्या एक वहीच्या पुठ्ठ्यांत बांधलेला गठ्ठा घेऊन आल्या. एका बाजूला कंपनीचा शिक्का, पर्यवेक्षकाची सही, तारीख, ‘पॅकर नं. १७’ आणि कापलेली रक्कम. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने केलेले भागाकार. त्या एकवीस चिठ्ठ्या होत्या. एकवीस चिठ्ठ्यांनी २४० दिवस सिद्ध होत नाहीत, हे वकीलसाहेबांना माहीत होते. पण ज्या बाई कधी नोकरीसच नव्हत्या त्यांना दंड कसा झाला, या प्रश्नाचे उत्तर कंपनीजवळ नव्हते. त्या चिठ्ठ्या दाखल झाल्यावर आम्ही पॅकिंग खात्याची दोन वर्षांची दंडाची वही, उत्पादनाची रोजची पत्रके आणि पगाराची ती लांब कागदावरची यादी हजर करण्याचा अर्ज दिला. तारखा पडत गेल्या. कागद आले नाहीत. व्यवस्थापकांची उलटतपासणी त्या चिठ्ठ्यांवर तीन दिवस चालली, आणि न्यायाधीशमहाराज प्रत्येक चिठ्ठी उलटून पाहत होते. निशाणी म्हणून क्रमांक पडलेल्या त्या कागदांवरचे भागाकार अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. त्यातले काही चुकलेले होते आणि कोणीतरी, बहुधा मास्तरांनी, ते दुरुस्त केलेले होते. निवाडा बाईंच्या बाजूने झाला, अर्ध्या मागील वेतनासह. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तेव्हा औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ब खाली, तो निकाल लागेपर्यंत, शेवटच्या पगाराइतकी रक्कम त्यांना दरमहा मिळू लागली. सगळे मिळून सात वर्षे गेली. बाई कामावर परत रुजू झाल्या तेव्हा त्या मुलाची गणिते केव्हाच संपली होती.

सात वर्षे, हा आकडा मी मुद्दाम सांगितला. या धंद्यात मालकाचा वकील, मालकाची थैली, पोटात कलमे दडवलेला कायदा, या सर्वांशी झुंज देता येते. काळाशी झुंज देणे फार कठीण आहे. मुदतीचा प्रश्न त्यातलाच. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली बडतर्फ झालेल्या गिरणीकामगाराने तीन महिन्यांच्या आत मालकाला एक पत्र पाठविल्यावाचून त्याला कामगार न्यायालयाचा दरवाजा उघडत नसे. त्या पत्राला परळमध्ये लहानथोर सगळे ‘अ‍ॅप्रोच’ म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, महिने लोटले, आणि कित्येक जण कोकणात किंवा घाटावर आपापल्या गावी गेले. ते परतले तेव्हा काहींना त्या मुदतीविषयी प्रथमच माझ्या टेबलासमोर समजले. मुदत उलटल्याबद्दल माफी मागण्याचे अर्ज लिहिताना, ‘गावी होतो’ या दोन शब्दांत जे सर्व होते ते न्यायालयाला समजेल अशा भाषेत कसे आणावे, हे मला त्या दिवसांत अनेकदा सुचले नाही, आणि त्याची रुखरुख आजही आहे.

एक याहून मोठी चूक मला येथे सांगितली पाहिजे, कारण माझ्याहून तरुण असलेले अनेक वकील समोर बसले आहेत. स्वतंत्र वकिली सुरू करून मला थोडीच वर्षे झाली होती. भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक कारागीर पितळेचे भंगार चोरल्याच्या आरोपावरून बडतर्फ झाला होता. चौकशी सदोष होती; त्याला साक्षीदार तपासू दिले नव्हते, आणि चौकशी अधिकारी मालकाच्याच पगारावर होता. पहिल्या वर्षीच कंपनीने तडजोडीची रक्कम देऊ केली. ती लहान नव्हती. तो मला म्हणाला, ‘साहेब, हिशेब घेऊ का?’ मी सांगितले, घेऊ नका, आपली बाजू भक्कम आहे. बाजू खरोखरच भक्कम होती. पाचव्या वर्षी निवाडा झाला : चौकशी अन्यायाची, आरोप शाबीत नाही, पूर्ण वेतनासह नोकरीत घ्यावे. परंतु मधल्या काळात कारखाना बंद पडला होता, यंत्रे बँकेने ताब्यात घेतली होती, आणि ज्या फाटकातून त्याने परत आत जावयाचे त्या फाटकाला बँकेचे कुलूप होते. त्याच्या हाती एक पैसाही आला नाही. मी त्याच्यापुढे बोलू शकलो नाही. त्याने निवाड्याची खरी नक्कल मागितली, ती घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाला, ‘कागदावर आलं ना साहेब, की मी चोर नव्हतो. तेवढं घरी दाखवतो.’

त्या दिवसापासून मी एक नियम केला. तडजोडीचा प्रश्न निघाला म्हणजे एका कागदावर दोन रकाने पाडावयाचे : आज मिळते ते एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, जिंकलो तर काय मिळेल, ते किती वर्षांनी मिळेल, वर किती कोर्टे आहेत, कारखाना तोवर चालू राहील का, आणि तोवर घर कशावर चालेल. हा कागद पक्षकाराने घरी न्यावयाचा, घरच्या माणसांपुढे ठेवावयाचा आणि दोन दिवसांनी परत यावयाचे. निर्णय त्याचा. या रकान्यांत एक गोष्ट मात्र बसत नाही, ती म्हणजे त्या लेथवरच्या कारागिराने जी नक्कल मागून नेली ती. तिची किंमत रुपयांत कशी मांडावी हे मला अजून उमगलेले नाही, आणि म्हणून मी आजही कोणाला ‘घ्याच’ असेही म्हणत नाही.

मालकांच्या बाजूने काम करणाऱ्या माझ्या बंधूंविषयीही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. माझ्या विरुद्ध उभे राहिलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी आयुष्यात केलेले सर्वांत मोठे काम कोणत्याही निवाड्यात छापलेले नाही, कारण ते त्यांनी स्वतःच्या पक्षकाराच्या खोलीत, दार लावून केले. रागाच्या भरात बारा कामगारांना एकदम काढण्याचा हुकूम टंकून तयार असताना त्यांनी तो फाडावयास लावला आणि प्रत्येकाला वेगळे आरोपपत्र, खुलाशास पुरेशी मुदत, तटस्थ चौकशी अधिकारी यांचा आग्रह धरला. चौकशीअखेर बारांपैकी नऊ जण कामावर परत आले. मालकाला योग्य वेळी ‘नाही’ म्हणणारा वकील कामगाराचाही उपकारकर्ता असतो.

आता काळ पालटला आहे. जुन्या कायद्यांच्या जागी संसदेने २०१९ आणि २०२० साली चार श्रमसंहिता संमत केल्या. त्यांचे गुणदोष सांगत बसलो तर हे व्याख्यान उद्यावर जाईल. पण त्यांतली एक तरतूद मला मनापासून आवडली, ती अशी, की प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ही एकच गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी पाळली गेली असती तर वकीलसाहेबांच्या बाकावरची निम्मी माणसे घरी सुखाने जेवली असती. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या प्रथमच आल्या. मात्र मालक व नोकर या परंपरागत नात्याच्या बाहेरचे असेच त्यांचे वर्णन तेथे आहे, आणि त्या नात्याच्या बाहेर हजेरीपट नसतो.

गेल्या पावसाळ्यात असा एक तरुण माझ्या कचेरीत आला. दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचविण्याचे काम तो तीन वर्षे करीत होता. एका सकाळी त्याने फोन उघडला तर त्याचे खाते बंद झालेले होते. दरवान नाही, फाटक नाही, मुकादम नाही. त्या खात्याबरोबर त्याने केलेल्या प्रत्येक फेरीची नोंदही त्याच्या नजरेआड झाली. सवयीने मी विचारले, ‘पिशवी आणली आहे का?’ त्याला प्रश्न समजला नाही. माझ्याकडे उमेदवारी करणारी मुलगी मात्र लगेच उठली, तिने रेघांचे लांब कागद घेतले आणि त्याला म्हणाली, ‘दादा, बँकेचे मेसेज आहेत ना? पहिल्या आठवड्यापासून वाचा.’ तो वाचू लागला, ती तारीख आणि रक्कम लिहू लागली. बाहेर पाऊस होता, दिवे गेले होते, आणि फोनच्या उजेडात ते दोघे जवळजवळ दोन तास तसेच बसून होते. मध्येच एका ठिकाणी तो अडला. पाच आठवडे पैसे जमा झाल्याचा एकही मेसेज नव्हता, आणि का ते त्याला आठवेना. मग तो म्हणाला, ‘हां, तेव्हा पाय मोडला होता. ऑर्डर घेऊन जातानाच पडलो होतो.’ तिने समासात त्या पाच आठवड्यांपुढे कंस केला, आणि दवाखान्याचा केसपेपर घरी ठेवला आहे का, असे त्याला विचारले.